शिट्टीमास्तरांच्या पोटातला पाहुणा

मी एक मूत्रपिंड आहे, मित्रांनो, आणि तेही डुकराचं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी ज्यांच्या पोटात राहतो त्यांचे मित्र अजूनही हसतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. वयानं म्हणाल तर मी काही फार जुना नाही. पण काहींची संगतच अशी असते की तरणाताठा जीवही वर्षभरात म्हातारा होतो. माझं तसंच झालं आहे. तेव्हा मला जुनाच समजा, आणि वैतागलेलाही समजा.

माझा जन्म एका डुकरिणीच्या पोटात झाला. लगेच चिखल आणि उकिरडा डोळ्यांसमोर आणू नका. आमची शेड तुमच्या शाळेपेक्षा स्वच्छ होती. आत येणाऱ्याला आधी आंघोळ करावी लागे, कपडे बदलावे लागत, तोंडाला पट्टी बांधावी लागे. हवा गाळलेली, पाणी गाळलेलं. मी घडायच्या आधीच शास्त्रज्ञांनी आमच्या जनुकांत हात घातला होता. डुकराच्या पेशींवर एक प्रकारची साखर असते. माणसाच्या रक्ताला ती दिसली की ते असं खवळतं की परक्या अवयवाचा पाहता पाहता काळाठिक्कर गोळा होतो. म्हणून ती साखर काढून टाकली आणि माणसाची थोडी जनुकं आमच्यात घातली. परक्या घरी राहायला जाणाऱ्या पोराला चार गोष्टी शिकवून पाठवतात ना, तसं. पोरगं कितीही शहाणं असलं तरी तिथल्यांनी त्याला घरात घ्यायला हवं, हे मात्र कोणाच्या हातात नव्हतं.

डुकरीण स्वभावानं शांत होती. तिचं रक्त गाळायचं काम आम्हा दोघांकडे होतं. उजवा माझा जोडीदार, डावा मी. तिची देखभाल करणारा माणूस तिच्या पाठीवर ब्रश फिरवू लागला की ती डोळे मिटून उभी राहायची आणि आम्हालाही आत बरं वाटायचं. एके दिवशी तो तिला भूल देण्याच्या खोलीपर्यंत सोडायला आला. दारात थबकला, पण आत आला नाही. त्यानंतर ती उठली नाही. मी यावर फारसं बोलत नाही, पण तुम्ही तिला विसरू नका.

आम्हाला बर्फाच्या दोन वेगळ्या डब्यांत भरलं. जोडीदार एका दवाखान्यात गेला, मी दुसऱ्या. निरोप घ्यायचंही कोणी आम्हाला विचारलं नाही.

आता ज्यांच्या पदरी मी पडलो त्यांची ओळख करून देतो. त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणतात. ते बस डेपोत गाड्या सोडायचं काम करत. इंजिन सुरू असो, चालक बसलेला असो, उतारू खोळंबलेले असोत, घड्याळाचा काटा जागेवर आल्याशिवाय मास्तरांची शिट्टी वाजायची नाही. आणि काटा जागेवर आला की मग देवाचीही गय नाही. एकदा त्यांची सख्खी थोरली बहीण हात वर करून गाडीमागे धावत होती. मास्तरांनी तिला पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि शिट्टी फुंकली. या गोष्टीला किती वर्षं झाली कोण जाणे, पण ताई ती अजून सांगतात, आणि दर वेळी गाडी आणखी थोडी जवळ असते.

हे दोघं भाऊ-बहीण एकाच घरात राहतात. पुढच्या खोलीत ताईंचं शिवणयंत्र. लोकांच्या विजारी आखूड करणं, सैल करणं, फाटलेली अस्तरं बदलणं, हे त्यांचं काम. मास्तरांची मूत्रपिंडं रक्तदाबानं निकामी झाली तेव्हा ताई दवाखान्यात उभ्या राहून म्हणाल्या, "माझं एक काढून घ्या. मला दोन-दोन करायचीत काय?" पण ताईंना साखरेचा आजार. डॉक्टरीणबाईंनी नकार दिला. मग कितीतरी दिवस मास्तर डायलिसिसच्या यंत्राला बांधून राहिले. यंत्र रक्त गाळायचं, पण आठवड्यातून तीनदाच. मधल्या दिवसांत पाणी मोजून. ताई फुलपात्रात घोट-घोट ओतायच्या आणि मास्तर तो घोट तोंडात धरून बसायचे. ज्या माणसानं दिवसभर शिट्टी फुंकून घसा कोरडा केला, त्याला घसा ओला करायची चोरी!

शेवटी माझा विषय निघाला. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझं चालत नाही आणि डुकराचं चालतं? वा रे तुमचं शास्त्र!"

"अगं ताई, त्याच्यात सुधारणा केलीये म्हणतात," मास्तर म्हणाले.

"मग माझ्यातही करा म्हणावं!"

असं माझं स्वागत झालं. मी डावा, तर मला बसवलं उजवीकडे, खाली ओटीपोटात. जुनी दोन मूत्रपिंडं पाठीशी होती तशीच राहू दिली. सहसा ती काढत नाहीत, हे तुम्हाला माहीत नसेल. सुकलेली, आक्रसलेली, निवृत्त मंडळी. काम शून्य, पण नजर माझ्यावर. मात्र रक्ताची नळी जोडली आणि मी टेबलावरच कामाला लागलो. लघवीची पहिली धार पाहून शस्त्रक्रियेच्या खोलीत टाळ्या वाजल्या. इतक्या मोठ्या माणसांनी एवढ्याशा गोष्टीला टाळ्या वाजवलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

घरी आल्यावर मास्तर स्वयंपाकघरात गेले, पेला काठोकाठ भरला आणि उभ्यानं गटागटा पाणी प्यायले. मग दुसरा भरला. ताई पाहत राहिल्या आणि ओच्यानं डोळे पुसत माझ्याकडे, म्हणजे मास्तरांच्या पोटाकडे, बोट रोखून म्हणाल्या, "बरं आहेस रे तू. नीट काम कर म्हणजे झालं." त्या दिवसापासून आमचं जमलं.

ज्यांच्याशी जमलं नाही ते वेगळेच. मास्तरांच्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरत असतात. शरीरात कोणी परका घुसला की त्याला शोधायचा आणि हाणायचा, हे त्यांचं काम. जंतूंच्या बाबतीत हे फार उत्तम. पण मी जंतू आहे का? मी रात्रंदिवस यांचंच रक्त गाळतोय, यांचीच घाण बाहेर टाकतोय, आणि हे येऊन मला हुंगतात. "कुठला तू? आमच्यातला दिसत नाहीस." रोज तेच. मी समजावून थकलो. त्यांनाही दोष काय देणार? नेमून दिलेलं काम ते डोळे मिटून करतात. त्यांच्या मालकासारखेच.

म्हणून मास्तरांना गोळ्या होत्या. त्या गोळ्या या पहारेकऱ्यांना जरा पेंगवून ठेवतात. फार पेंगवले तर भलताच आजार आत शिरेल, शिवाय ती गोळी जास्त झाली तर माझीच नासाडी करते. कमी पेंगवले तर मला फाडून खातील. सगळा खेळ प्रमाणाचा. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बजावलं, "सकाळी आठ, रात्री आठ. एक मिनिट इकडे-तिकडे व्हायला नको."

हे कोणाला सांगावं? शिट्टीमास्तरांना? आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं! मास्तरांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना डेपो परत मिळाला. भिंतीवरचं घड्याळ, मनगटावरचं घड्याळ आणि रेडिओची वेळ, तिन्ही जुळवून ते आठच्या ठोक्याला गोळी जिभेवर ठेवत. ताई म्हणायच्या, "सुटली गाडी."

अधूनमधून रक्त तपासायला जावं लागे. रक्तात गोळी किती शिल्लक आहे ते त्यात कळतं, आणि त्यावरून डॉक्टरीणबाई गोळी कमी-जास्त करतात. आता हे नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ इथे आहे. रक्त द्यायचं ते पुढची गोळी घेण्याच्या आधी. टाकी रिकामी होत आली की तळाशी किती उरलंय ते बघायचं असतं. नुकत्याच भरलेल्या टाकीत डोकावून "भरपूर आहे" म्हणण्यात काय हशील? सुरुवातीला सगळं ठीक चाललं. रक्त घेण्याची खिडकी भल्या सकाळी उघडायची. मास्तर रक्त द्यायचे, बाकावर बसायचे आणि आठ वाजले की गोळी घ्यायचे. हे असंच का, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

मग रक्ताचा विभाग नव्या इमारतीत गेला. चकचकीत फरशी, खुर्च्या मऊ, आणि खिडकी उघडणार साडेआठनंतर. पहिल्याच दिवशी मास्तर रांगेत उभे असताना आठ वाजले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि खिशातून डबी काढून गोळी गिळली. मी आतून ओरडलो. पण मूत्रपिंडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? मला तोंड नाही, हात नाही. मला जे सांगायचं ते लघवीतून सांगावं लागतं, आणि ती तर सगळे न बघता सोडून देतात.

रक्तात गोळी काठोकाठ दिसली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि गोळी कमी केली. पुढच्या खेपेलाही तेच. पुन्हा कमी. इकडे आत पहारेकरी डोळे चोळत उठू लागले. "अरे, हा अजून इथेच?" म्हणत एकेक जण माझ्या भिंतीशी जमू लागला. मी सुजलो. माझी गाळणी फाटू लागली, नको ते बाहेर जाऊ लागलं आणि जायला हवं ते आत साचू लागलं. मी मला जमेल तसं सांगितलं. लघवीला साबणासारखा फेस आणला. मास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, "संडास धुवायची ही नवी पावडर भारी दिसतेय."

मग पाणी अंगात साचलं. पाय सुजले, पोट फुगलं, विजार कमरेला रुतायला लागली. आता तरी कळेल असं मला वाटलं. तर ताईंनी टेप लावून कंबर मोजली आणि त्यांना आनंदाचं भरतं आलं.

"बघ, बाळसं धरलंस! यंत्रावर होतास तेव्हा काडी झाली होती तुझी."

"काम नाही ना आता. खातोय आणि बसतोय," मास्तर खूश होऊन म्हणाले.

ताईंनी त्याच दुपारी त्यांच्या सगळ्या विजारी दोन-दोन बोटं सैल करून दिल्या. शिवणयंत्र खडखडत होतं, ताई गुणगुणत होत्या, आणि मी आत मरत होतो. अशा प्रेमळ माणसांपुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं, पण मला डोकंही नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच. लगेच भरती केलं. लांब सुईनं माझा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि निकाल आला की शरीर मला नाकारतंय. त्याच दिवशी डॉक्टरीणबाई सहकाऱ्याशी हळू आवाजात बोलत होत्या, त्यातून मला दुसरीही बातमी कळली. माझा जोडीदार ज्या बाईंच्या पोटात गेला होता, त्यांच्या पेशींनी त्याला पहिल्या आठवड्यातच संपवलं होतं. त्याला काढावं लागलं. उजवा, माझ्याहून थोडा मोठा, कामाला वाघ होता. मला फार एकटं वाटलं.

डॉक्टरीणबाई मास्तरांच्या खाटेपाशी आल्या. त्या वैतागलेल्या होत्या, आणि मला पहिल्यांदाच कोणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"मास्तर, खरं सांगा. घरी गोळ्या चुकवता का? तपासणीच्या दिवशी तेवढी नीट घेता आणि बाकीच्या दिवशी..."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर असा आळ आला नव्हता. ते खाटेवर उठून बसू लागले. पण ताई होत्या ना!

"कोण चुकवतं? माझा भाऊ? अहो बाई, यानं मला धावत ठेवून गाडी सोडलीये! हा गोळी चुकवेल? तुमच्या त्या खिडकीच्या रांगेत उभा असतानासुद्धा आठच्या ठोक्याला गोळी घेतो हा. विचारा हवं तर तिथल्या सिस्टरना!"

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "रांगेत? म्हणजे रक्त द्यायच्या आधी?"

"मग काय नंतर?" मास्तर आता तावातावानं म्हणाले. "रांग संपेपर्यंत नऊ वाजतात. तुम्हीच म्हणालात ना, एक मिनिट इकडे-तिकडे नको?"

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मी आत हुश्श केलं. एवढी यंत्रं, एवढ्या सुया, आणि शेवटी कळलं ते ताईंच्या भांडणातून.

"रक्त देऊन मग गोळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या एका दिवशी उशीर झाला तरी चालतो, मास्तर. चालतो काय, करायलाच हवा. हे मी तुम्हाला का सांगितलं नाही कोण जाणे. खिडकीची वेळ बदलली तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे मीच मारलं होय त्याला?" मास्तरांनी पोटावर हात ठेवून विचारलं.

"अजून मेलं नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सांगता येत नाही."

त्यांनी जोरकस इंजेक्शनं सुरू केली. कोपऱ्यातल्या खोलीत डायलिसिसचं यंत्र पुसून तयार ठेवलं होतं, आणि मास्तर दारातून दिसणाऱ्या त्याच्या चाकांकडे बघायचे आणि मान वळवायचे. पुन्हा पाणी मोजून. पुन्हा फुलपात्र. ताई घोट ओतताना गप्प असायच्या, आणि ताई गप्प बसल्या की घर सुनं वाटतं, तसा तो दवाखाना वाटत होता. एकदा त्यांनी मास्तर झोपलेत असं समजून पोटापाशी वाकून मला म्हटलं, "जाऊ नकोस रे. याला सवय झालीये तुझी." मी काय बोलणार? मी जोर लावला.

हळूहळू पहारेकऱ्यांना गुंगी आली. एकेक करून ते माझ्या भिंतीवरून उतरले. एका सकाळी मास्तरांनी बाटली भरली, आणि सिस्टरनं ती उजेडात धरून पाहिली तेव्हा फेस नव्हता. मी वाचलो. अगदी पूर्वीसारखा नाही. माझा काही भाग कायमचा वाळून गेला आहे आणि तो परत यायचा नाही. उरलेल्यावर मी चालवतो.

मग पुढच्या तपासणीचा दिवस उजाडला. नव्या इमारतीतली तीच रांग, तीच बंद खिडकी. ताईंनी गोळ्यांची डबी मास्तरांकडून काढून घेतली होती आणि पर्समध्ये टाकून त्या पर्सवर बसल्या होत्या. भिंतीवरचा काटा आठकडे सरकला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. काटा आठवर आला.

"आठ वाजले," ताई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

काटा पुढे गेला. मास्तरांचा हात खिशात गेला. तिथे जुनी शिट्टी अजून असते. त्यांनी ती घट्ट धरली. माझ्या शेजारची नस धडधडत होती. मी त्यांच्यावर किती चिडलो असेन हे तुम्हाला माहीत आहे, पण त्या वेळी मला त्यांची दया आली. आयुष्यभर एकच गोष्ट नेमानं केलेल्या माणसाला ती मोडायला किती ताकद लागते, हे मी आतून पाहिलं.

"त्या दिवशी असाच थांबला असतास," ताई म्हणाल्या, "तर मीही गाडीत बसले असते."

"थांबायला हवं होतं गं," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले.

ताईंना इतकं नवल वाटलं की त्या पुढचा टोमणा विसरल्या.

खिडकी उघडली, रांग सरकली, रक्त घेऊन झालं. मग ताईंनी पर्समधून डबी काढली आणि मास्तरांनी नऊच्याही नंतर, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, उशिरा गाडी सोडली.

तर मित्रांनो, माझं म्हणणं थोडक्यात ऐका. डॉक्टरांनी सांगितलेलं पाळा, पण का पाळायचं तेही विचारा. आणि आपण काय करतो ते तोंडानं सांगा, बरोबरच करतोय याची खात्री असली तरीही. लाजू नका. पाय सुजले तर बाळसं म्हणू नका.

आणि एक शेवटचं. कोणी दिलेली वस्तू वाया घालवू नये, असं घरोघरी शिकवतात. ताई आपलं मूत्रपिंड द्यायला तयार होत्या. ते दिलेलं झालं असतं. मी दिलेला नाही, मी घेतलेला आहे. डोळे मिटून ब्रशखाली उभ्या राहणाऱ्या त्या डुकरिणीला कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणून माझी तुम्हाला हात नसताना हात जोडून विनंती आहे. दिलेलं एक वेळ चुकून सांडलं तर देणारा माफ करील. घेतलेलं सांडलं तर माफ करायला मागे कोणी उरलेलं नसतं. ते सांडू नका.

बरं, आता मला जाऊ द्या. मास्तर नुकतेच पेलाभर पाणी प्यायले आहेत, काठोकाठ भरलेलं, आणि ते काम माझं आहे.